फायनल जिंकूनही १३ वा नंबर कसा? दत्तू भोकनळच्या निमित्ताने समजून घ्या रोइंगचा रेगाटा

एप्रिल २०१६. मराठवाड्यातल्या धरणांचा तळ दिसायला लागला होता. लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं आणि ती पाण्याची ट्रेन देशभरातल्या टीव्हीवर दिसत होती. छत्रपती संभाजीनगरपासून वैजापूर, येवला, मनमाड करत पुढे गेलं की चांदवड तालुका लागतो. जिल्हा नाशिक असला तरी पाण्याच्या बाबतीत हा पट्टा मराठवाड्याचाच सख्खा भाऊ. उन्हाळा आला की टँकरची वाट बघणारा.

त्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या चुंगजू शहरात आशिया-ओशनिया विभागाचा ऑलिंपिक पात्रतेचा रेगाटा सुरू होता. तिथे चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचा एक पोरगा दुसरा आला आणि रिओ ऑलिंपिकचं तिकीट घेऊन परतला. दत्तू भोकनळ. वडिलांसोबत विहिरी खणायला जाणारा, सैन्यात भरती होईपर्यंत रोइंग हा खेळ माहीतही नसलेला. रिओला गेलेला तो एकटाच भारतीय रोवर होता.

ऑगस्टमध्ये रिओतून बातमी आली की दत्तू फायनल जिंकला. लोकांनी मेडल शोधायला सुरुवात केली, तर दुसऱ्या ओळीत लिहिलेलं, 'एकूण १३ वा क्रमांक'. आता फायनल जिंकणारा माणूस तेरावा कसा येतो?

यात कुणाची चूक नव्हती. हा खेळच असा चालतो, आणि हे गणित एकदा कळलं की दत्तूने नेमकं काय केलं होतं तेही कळतं.

आधी रेगाटा म्हणजे काय ते बघू

रेगाटा हा मूळचा व्हेनिसचा शब्द. कालव्यांच्या त्या शहरात होड्यांच्या शर्यतींना रेगाटा म्हणायचे, तिथून तो जगभर गेला. महाराष्ट्रात रेगाटा म्हटलं की अनेकांना पुण्याच्या सीओईपीचा रेगाटा आठवतो. मुळा नदीवर संध्याकाळी विद्यार्थी होड्या घेऊन वेगवेगळ्या रचना करतात, मशाली पेटवतात, काठावर तुफान गर्दी असते. बघण्यासारखाच प्रकार आहे तो. पण तो मुख्यतः सोहळा. आंतरराष्ट्रीय चॅम्पियनशिपचा रेगाटा म्हणजे पाच-सहा दिवस किंवा आठवडाभर चालणारी शर्यतींची साखळी.

या शर्यती सरळ रेषेत होतात. अंतर २००० मीटर. पाण्यावर सहा लेन आखलेल्या असतात, प्रत्येक लेन साडेतेरा मीटर रुंद. मधे दोरीला बांधलेले छोटे तरंगते गोळे, शेवटच्या २५० मीटरला त्यांचा रंग बदलतो. म्हणजे आता जीव काढायचा, हे खेळाडूला कळतं. कळतं कसं, तर गोळे बघूनच. कारण रोवर पाठमोरा बसलेला असतो. जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ. त्यामुळे जो सगळ्यात पुढे आहे त्याला सगळे प्रतिस्पर्धी समोर दिसतात आणि जो मागे पडलाय त्याला पुढच्यांचा अंदाज मान वळवूनच घ्यावा लागतो. मागे पडणाऱ्याला यापेक्षा जास्त छळणारा खेळ शोधूनही सापडणार नाही.

बोटींचे प्रकार बरेच आहेत, पण मुख्य फरक एकच. प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असतील तर ते 'स्कल्स', आणि प्रत्येकाकडे एकच लांब वल्हं असेल तर 'स्वीप'. एकटा खेळाडू असेल तर सिंगल स्कल्स, दोघं असतील तर डबल, चौघं असतील तर क्वाड्रपल. आठ जणांच्या बोटीत नववा माणूसही असतो, तो वल्हवत नाही, दिशा सांभाळतो आणि ओरडून लय देतो. त्याला कॉक्स म्हणतात.

दत्तूचा प्रकार सिंगल स्कल्स. ही बोट आठ मीटरच्या थोडी वर लांब, आणि वजन किमान १४ किलो. म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो साधारण तेवढं. रुंदी इतकी कमी की बोटीचा पाण्याला टेकणारा भाग जेमतेम फूटभर. वल्ही सोडली तर ती उलटायला वेळ लागत नाही. बसायची सीट चाकांवर पुढेमागे सरकते. त्यामुळे लांबून हातांचा खेळ वाटला तरी खरा जोर मांड्यांचा असतो. पाय बोटीला बांधलेले, गुडघे दुमडून पुढे यायचं, वल्हं पाण्यात टाकायचं आणि पायाने रेटायचं. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा. सात मिनिटं.

मग 'फायनल सी' कुठून आली?

रिओमध्ये सिंगल स्कल्सला ३२ खेळाडू होते. लेन सहाच. त्यामुळे सगळ्यांची एकच शर्यत शक्य नाही. पहिल्या फेरीला हीट म्हणतात. सहा हीट झाल्या, प्रत्येकीतले पहिले तीन थेट क्वार्टर फायनलला. उरलेले बाद? नाही. तेव्हा रोइंगमध्ये पहिल्या हरण्याला माफी होती. हरलेल्यांची आणखी एक शर्यत व्हायची, तिला रेपेशाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ दुसरी संधी. त्यातून पुढे आलेले क्वार्टर फायनलला मिळायचे.

दत्तूला या दुसऱ्या संधीची गरज पडली नाही. हीटमध्ये ७ मिनिटं २१.६७ सेकंद घेऊन तो तिसरा आला आणि थेट क्वार्टर फायनलला गेला.

खरी चाळणी तिथे लागते. चार क्वार्टर फायनल, प्रत्येकीत सहा जण. पहिले तीन वरच्या गटात, म्हणजे ए आणि बी फायनलच्या सेमीफायनलला. खालचे तीन सी आणि डी फायनलच्या सेमीफायनलला. एकदा खालच्या गटात गेलात की मेडल संपलं. त्यानंतर तुम्ही कितीही जोरात वल्हवा, तेराव्याच्या वर जाता येत नाही.

दत्तू क्वार्टर फायनलमध्ये चौथा आला. वेळ ६ मिनिटं ५९.८९ सेकंद. एका नंबराने वरचा गट हुकला.

यापुढे प्रत्येक फायनलचे नंबर आधीच ठरलेले असतात. ए फायनलमध्ये १ ते ६, बीमध्ये ७ ते १२, सीमध्ये १३ ते १८, डीमध्ये १९ ते २४, आणि त्याखाली ई आणि एफ. दत्तू खालच्या गटाच्या सेमीफायनलमध्ये दुसरा आला, सी फायनलला गेला आणि ती ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकला. सी फायनलचा विजेता म्हणजे १३ वा. त्याच्या हातात जे सगळ्यात वरचं होतं ते त्याने मिळवलं.

याआधी २०१२ ला लंडनमध्ये स्वर्ण सिंग याच प्रकारात सी फायनलमध्ये चौथा आला होता. १२ अधिक ४, म्हणून तो १६ वा. गणित तेच.

बऱ्याच खेळांत बाद झालेला खेळाडू बॅग भरून घरी जातो. रोइंगमध्ये बाराव्यात नसलेल्या माणसालाही दोन-तीन दिवस थांबून पुन्हा पूर्ण दमाने २००० मीटर मारावे लागतात, आणि ते कशासाठी, तर तेरावं यायचं की अठरावं हे ठरवण्यासाठी. टीव्हीवर त्या शर्यती सहसा दाखवतही नाहीत. दत्तूने आपली सगळ्यात वेगवान शर्यत नेमकी तीच मारली.

वेळ बघून तुलना का करता येत नाही?

वरचे आकडे नीट बघितले तर एक गोष्ट खटकेल. हीटमध्ये ७:२१, क्वार्टरमध्ये ६:५९, फायनलमध्ये ६:५४. माणूस आठवड्याभरात २६ सेकंदांनी सुधारतो का?

सुधारत नाही, वारा बदलतो. शर्यती झाल्या त्या रिओच्या लागोआ या खाऱ्या तलावावर. पहिल्याच दिवशी, ६ ऑगस्टला, वारा आणि लाटा इतक्या होत्या की सर्बियाच्या दोघांची बोट उलटली. दुसऱ्या दिवशी तर सगळ्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच पहिल्या दिवशी दत्तूची हीट होती. समोरून वारा असेल तर वेळ अर्ध्या मिनिटाने सहज वाढतो, पाठीमागून असेल तर कमी होतो. म्हणून रोइंगमध्ये धावण्यासारखा 'वर्ल्ड रेकॉर्ड' हा शब्द जपून वापरतात, त्याऐवजी 'वर्ल्ड बेस्ट टाइम' म्हणतात.

दुसरं कारण डावपेचाचं. हीटमध्ये पहिले तीन पुढे जाणार असतील तर पहिला येणारा शेवटी उगाच दम घालवत नाही. पुढे आणखी तीन-चार शर्यती मारायच्या असतात.

तरीही अंदाजासाठी एक तुलना. रिओत सुवर्णपदकाची शर्यत न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलने ६ मिनिटं ४१.३४ सेकंदांत जिंकली. क्रोएशियाच्या दामिर मार्टिनची वेळही शंभराव्या भागापर्यंत अगदी तीच, निकाल फोटो बघून लावावा लागला. दत्तूची सी फायनलची वेळ याच्यापेक्षा १३.६२ सेकंदांनी जास्त. शर्यती वेगळ्या, वारा वेगळा, तरी दत्तूच्या वेगाने हिशोब मांडला तर हे अंतर ६५ मीटरच्या आसपास जातं. साधारण आठ बोटी एकामागे एक लावल्या तर होईल तेवढं.

चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोटीत बसलेला माणूस आणि जगज्जेता यांच्यामधलं अंतर आठ बोटी. हे कमी म्हणायचं की जास्त, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दत्तूपर्यंत हा खेळ पोचला कसा?

तो खेळापर्यंत पोचला. वडील २०११ मध्ये वारले. घरची जबाबदारी आली, पुढच्या वर्षी तो सैन्यात लागला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. उंची सहा फुटांच्या बरीच वर. रोइंगमध्ये उंच माणसाला सोनं समजतात, कारण हातपाय लांब असले की वल्ह्याचा प्रत्येक फटका लांब पडतो. ती उंची सैन्यातल्या लोकांच्या नजरेत भरली. पुढे प्रशिक्षक कुदरत अली यांच्या हाताखाली तो तयार झाला.

विहिरी खणल्यामुळे तो रोवर झाला, अशी गोष्ट सांगायला छान वाटते. पण तळेगाव रोहीसारख्या गावांत विहिरी खणणारे शेकडो आहेत. त्यांच्यातला एक जण बोटीत बसला कारण त्याला सैन्यात नोकरी मिळाली आणि सैन्याकडे पाणी होतं.

पुण्यात दापोडीजवळ कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, म्हणजे सीएमई आहे. तिथल्या आवारात रोइंगसाठी तयार केलेला दोन किलोमीटरहून लांब सरळ जलमार्ग आहे आणि तिथेच आर्मी रोइंग नोड चालतं. भारताचे बहुतेक नावाजलेले रोवर सैन्यातले का, याचं उत्तर त्या जलमार्गात आहे. सिंगल स्कल्सची एक चांगली बोट लाखांत जाते, वल्ही वेगळी, प्रशिक्षकाची मोटरबोट वेगळी. शिवाय रोज सहा-सात हजार कॅलरी पोटात जाईल असा खुराक. हा खर्च घरून करणारा शेतकरी सापडणार नाही.

नाथसागरात रेगाटा होऊ शकतो का?

संभाजीनगरमधल्या वाचकाच्या डोक्यात हा प्रश्न येणारच. आपल्याकडे पैठणला एवढा मोठा जलाशय पसरलेला असताना बोटी पुण्याला का?

पाणी भरपूर असणं पुरेसं नसतं. रोइंगला पाणी सपाट लागतं. जायकवाडीचा जलाशय भरला की काही ठिकाणी समोरचा काठ दिसत नाही. एवढ्या मोकळ्या पृष्ठभागावर वारा सुटला की लाटा उठतात, आणि १४ किलोच्या बोटीला वीतभर लाटही पुरते. म्हणून आंतरराष्ट्रीय कोर्स अरुंद, लांबट आणि वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी करतात, नाहीतर सरळ खणूनच काढतात. सगळ्या लेनला खोली सारखी लागते, किमान तीन-साडेतीन मीटर. एका लेनखाली गाळ आणि दुसरीखाली खोल पाणी असेल तर शर्यत न्याय्य होत नाही, कारण उथळ पाण्यात बोटीला जास्त विरोध होतो.

त्यातून जायकवाडीची पातळी. धरण पूर्ण भरतं ते १५२२ फुटांना, हा आकडा मराठवाड्यातल्या पोरापोरांना पाठ आहे कारण दर पावसाळ्यात पेपरला तोच असतो. पण उन्हाळ्यापर्यंत काठ कुठल्या कुठे मागे सरकतो. आज जिथे सुरुवातीचा तराफा बांधाल तिथे मे महिन्यात भेगाळलेली जमीन असू शकते. शिवाय हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात, म्हणजे जेव्हा पाणीही असतं आणि सरावाला हवाही चांगली असते, तेव्हाच तिथे पाहुणे पक्षी येतात. त्यांच्यामधून मोटरबोटी फिरवायला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

सगळ्यात शेवटी साधा मुद्दा. ज्या शहराला नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजावे लागतात, तिथे रोइंगसाठी दोन किलोमीटरचा तलाव खणा असं म्हणायला धाडस लागतं.

२०१८: एका दिवसात दोन टोकं

दत्तूची गोष्ट रिओवर संपत नाही, आणि पुढचा भाग तेवढा गोड नाही.

ऑगस्ट २०१८, इंडोनेशियातल्या पालेमबांगला आशियाई खेळांचा रोइंग रेगाटा. २३ तारखेला सिंगल स्कल्सची फायनल. मेडलची आशा असलेला दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच दत्तू स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाड्रपल स्कल्सच्या बोटीत बसला. चौघांनी ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत शर्यत मारली, इंडोनेशियाला तीन सेकंदांहून जास्त फरकाने मागे टाकलं आणि सुवर्ण जिंकलं. आशियाई खेळांत भारताला रोइंगचं पहिलं सुवर्ण २०१० मध्ये बजरंगलाल ताखरने मिळवून दिलं होतं. त्यानंतर आठ वर्षांनी हे आलं.

गावाकडे गुलाल उधळला गेला. पण २०१९ मध्ये भारतीय रोइंग महासंघाने दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. कारण होतं आदल्या दिवशीची सिंगल स्कल्स. शर्यत चालू असताना त्याने मुद्दाम वल्हवणं थांबवलं, असा महासंघाचा आरोप होता. आपण आजारी होतो, असं दत्तूचं म्हणणं होतं.

हा वाद एवढा टोकाला का गेला हे कळायला रेगाट्याचं वेळापत्रक बघावं लागतं. एकच खेळाडू दोन-तीन प्रकारांत उतरतो तेव्हा आज किती दम वापरायचा आणि उद्यासाठी किती राखायचा, हा प्रश्न येतोच. पण हीटमध्ये दम राखणं वेगळं आणि फायनलमध्ये थांबणं वेगळं. पहिल्याला डावपेच म्हणतात, दुसऱ्याला शिस्तभंग. आणि आजारी माणूस थांबला की ठणठणीत माणूस थांबला, हे काठावरून घड्याळ बघून सांगता येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये महासंघाने बंदी उठवली. त्याच वर्षी दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला. टोकियो ऑलिंपिकला मात्र तो नव्हता. तिथे लाइटवेट डबल स्कल्समध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग गेले आणि ११ वे आले, म्हणजे बी फायनलमध्ये पाचवे. ऑलिंपिकमधली रोइंगची भारताची ती सगळ्यात चांगली कामगिरी.

आता पुढची बातमी तुम्हाला वाचता येईल

२०२४ ला पॅरिसमध्ये हरियाणाचा बलराज पंवार सिंगल स्कल्सला उतरला. तोही सैन्यातलाच. हीटमध्ये चौथा आला म्हणून त्याला रेपेशाजला जावं लागलं. तिथे दुसरा येऊन क्वार्टर फायनल गाठली, तिथे पाचवा, मग खालच्या गटाची सेमीफायनल, आणि शेवटी डी फायनलमध्ये पाचवा. १८ अधिक ५. एकूण २३ वा.

तेव्हा सोशल मीडियावर 'फायनलमध्ये पोचला, मेडल येणार' अशा पोस्ट फिरल्या तर त्यात नवल नव्हतं. फायनलपुढचं इंग्रजी अक्षर कोणतं, ते बघायचं राहून जातं.

पुढच्या ऑलिंपिकला हे गणित थोडं बदलणार आहे. टोकियोत भारताला ११ वा नंबर देणारा लाइटवेट प्रकार आता ऑलिंपिकमधून बाद झालाय. त्याच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरून पळत येऊन बोटीत बसायचं, गोळ्यांना वळसा घालून परत यायचं आणि पुन्हा वाळूत पळायचं, असा बीच स्प्रिंट नावाचा प्रकार येतोय. त्याच्या बोटी जाड आणि रुंद असतात, लाटा झेलतात. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचला नेहमीच्या शर्यती २००० ऐवजी १५०० मीटरच्या असतील. कारण तिथेही तेच, सरळ सपाट पाणी तेवढंच आहे.